जोना लोमूचें बळ

बळवंत मनुष्याचें कौतुक कोणास नसतें? भीमाच्या व शमशोनाच्या गोष्टी मुलें ज्या आवडीनें ऐकतात त्या आवडीनें इतर गोष्टी क्वचितच ऐकतात. क्रीडांगणावर जो मुलगा अंगानें थोराड व पायांनीं चपळ असतो त्याच्याभोंवतीं सोबत्यांचा मेळा जमतो, आणि हळूहळू त्या मुलासहि असें वाटूं लागतें कीं, हें बळ सर्वस्वीं आपलें आहे. तें आपण कोणापासून घेतलें नाहीं व त्याचा हिशेबहि कोणास द्यावयाचा नाहीं. हा समज कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्ही आज एका परदेशीय खेळाडूचें चरित्र वाचकांपुढें मांडीत आहों. न्यूझीलंड देशाचा रग्बी खेळाडू जोना लोमू हा आपल्या काळीं त्या खेळांतील सर्वांत बलाढ्य पुरुषांत गणला जाई. जोना हें पवित्र शास्त्रांतील योना या नांवाचेंच इंग्रजी रूप होय. तो १९७५ सालीं जन्मला व २०१५ सालीं वारला. या अवघ्या चाळीस वर्षांत जगानें त्याचें जें बळ पाहिलें तें अपूर्व होतें. पण तें कोणाकोणाच्या आधारावर उभें होतें हें त्याहूनहि अधिक पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडे क्रिकेट, हॉकी, फुटबॉल व कबड्डी हे खेळ सर्वांस ठाऊक आहेत. रग्बी तितका परिचित नाहीं. म्हणून प्रथम त्याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. इंग्लंडांतील रग्बी या गांवच्या शाळेंत मुलें ज्या रीतीनें फुटबॉल खेळत तिच्यावरून या खेळास हें नांव पडलें. म्हणजे हा मूळचा शाळकरी मुलांचाच खेळ. त्याच्या 'रग्बी युनियन' या प्रकारांत प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात व सामना ८० मिनिटें चालतो. चेंडू वाटोळा नसून अंड्यासारखा लांबट असतो. तो हातांत घेऊन धांवतां येतें, पायानें लाथाडतांहि येतो. परंतु हातानें पुढें फेंकतां येत नाहीं, सोबत्याकडे बाजूस किंवा मागेंच द्यावा लागतो. ज्याच्या हातीं चेंडू असेल त्यास प्रतिपक्षाचे गडी मिठी घालून जमिनीवर पाडतात. कबड्डींत चढाई करणाऱ्यास जसें धरतात तसेंच कांहींसें हें. फरक इतकाच कीं, येथें धरणारा व धरला जाणारा हे दोघेहि बहुधा भरधांव पळत असतात. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन जमिनीस टेकविला म्हणजे त्यास 'ट्राय' म्हणतात, व १९९२ सालापासून त्याचे पांच गुण मिळत आले आहेत.

या खेळाचा आपल्या देशाशींहि एक जुना संबंध आहे. कलकत्त्याचा रग्बी खेळणारा क्लब १८७८ च्या सुमारास बंद झाला, तेव्हां त्याच्या शिलकी पैशांतील चांदीचे रुपये आटवून एक चषक करण्यांत आला. 'कलकत्ता चषक' या नांवानें तो प्रसिद्ध असून त्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ आजहि दरवर्षीं झुंजतात.

रग्बीच्या संघांत गड्यांचे दोन वर्ग असतात. पुढील फळींतील आठ गडी भारी अंगाचे असून रेटारेटींत चेंडू मिळविणें हें त्यांचें काम. मागील सात गडी तुलनेनें हलके व वेगवान असतात. त्यांतहि अगदीं दोन्ही कडांस जे असतात त्यांस 'विंग' म्हणतात, व चेंडू घेऊन वाऱ्यासारखें पळणें हें त्यांचें कर्तव्य. भारी गडी वेगवान नसावयाचा व वेगवान गडी भारी नसावयाचा, अशी पूर्वापार समजूत होती. लोमूनें ती खोटी ठरविली. तो उंचीनें सुमारें साडेसहा फूट व वजनानें सुमारें ११८ किलोग्रॅम होता; आणि असें असूनहि शंभर मीटरचें अंतर तो अकरा सेकंदांच्या आंत धांवे.

लोमूचे आईबाप मूळचे टोंगा येथील. टोंगा हें पॅसिफिक महासागरांतील लहान लहान बेटांचें राज्य आहे. तेथील पुष्कळ कुटुंबें उदरनिर्वाहासाठीं न्यूझीलंडांत जाऊन राहिलीं, त्यांपैकींच हें एक. १२ मे १९७५ रोजीं ऑकलंड शहरीं जोनाचा जन्म झाला. बालपणींचीं कांहीं वर्षें तो टोंगांत नातलगांच्या घरीं वाढला व पुढें आईबापांकडे परत आला. दक्षिण ऑकलंडांतील ज्या वस्तींत तो राहूं लागला तेथें दारिद्र्य होतें व तरुणांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या नित्याच्याच होत्या. घरींहि शांतता नव्हती. बापाचें मद्यपान व मारहाण यांच्या आठवणी त्यानें मोठेपणीं उघडपणें सांगितल्या आहेत. अंग दांडगें, मनांत राग सांठलेला, आणि आजूबाजूस संगत ही अशी! असा मुलगा कोठें जाऊन पोंचेल हें सांगण्यास ज्योतिषी नको. परंतु त्याच्या आईनें वेळींच धोका ओळखला व त्यास घरापासून दूर वेस्ली कॉलेज नांवाच्या शाळेंत, तेथील वसतिगृहांत, ठेविलें.

वेस्ली कॉलेज ही मेथडिस्ट पंथाची १८४४ सालीं स्थापन झालेली शाळा. मुलगा शाळेंत गेला म्हणजे त्याचा राग दाराबाहेर राहतो असें नाहीं. जोनाचाहि राहिला नाहीं. तेव्हां तेथील एका शिक्षकानें त्यास मुष्टियुद्धाच्या सरावाची भरीव पिशवी दाखविली व सांगितलें कीं, राग अनावर झाला म्हणजे येथें येऊन हवे तितके ठोसे मारावे, माणसांवर हात उगारूं नये. आम्हां शिक्षकांस ही लहानशी हकीकत फार विचार करण्यासारखी वाटते. त्या गुरुजींनीं मुलास वाईट ठरवून काढून टाकलें नाहीं. किंवा त्याचा राग म्हणजे पराक्रम असें म्हणून त्यास चढवूनहि ठेविलें नाहीं. त्यांनीं त्याच्या बळास एक वाट करून दिली. पुढें हाच मुलगा शाळेच्या धांवण्याच्या व उड्यांच्या शर्यतींत अग्रेसर झाला, आणि रग्बींत पुढील फळींत खेळूं लागला.

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघास त्याच्या काळ्या पोशाखावरून 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात. त्या संघांत लोमूची निवड झाली तेव्हां त्याचें वय १९ वर्षें ४५ दिवस होतें. इतक्या लहान वयाचा गडी त्यापूर्वीं त्या संघाकडून कसोटी सामना खेळला नव्हता. २६ जून १९९४ रोजीं ख्राइस्टचर्च येथें फ्रान्सशीं सामना झाला. लोमूस पुढील फळींतून काढून विंगच्या जागेवर घातलें होतें. ती जागा त्यास नवी. केव्हां पुढें यावें, केव्हां मागें राहावें, हें त्यास नीट उमजेना. फ्रान्सच्या अनुभवी गड्यांनीं त्याची अडचण हेरली. न्यूझीलंड तो सामना हरलें, पुढच्या आठवड्यांतील दुसराहि हरलें, आणि लोमूस संघांतून वगळण्यांत आलें. म्हणजे ज्याचें नांव पुढें सर्व जगांत दुमदुमलें त्याचा आरंभ पराजयानें झाला. केवळ बळ असून भागत नाहीं, त्यास शिक्षण लागतें, हा धडा त्यास अगदीं प्रथमच मिळाला.

यानंतर एका वर्षाच्या आंत दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकाचे सामने भरले. लोमूची तयारी पुरेशी नाहीं अशी शंका अनेकांस होती व त्याची निवड अगदीं शेवटपर्यंत अनिश्चित होती. परंतु १८ जून १९९५ रोजीं केप टाउन येथें इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामन्यांत त्यानें जें केलें तें पाहणारे अद्याप विसरलेले नाहींत. सामन्याच्या पहिल्या कांहीं मिनिटांतच चेंडू त्याच्याकडे आला. एका गड्यास त्यानें बाजूस सारिलें, दुसऱ्याचा हात त्याच्या पायास निसटता लागला व त्याचा तोल किंचित् गेला. इतक्यांत इंग्लंडचा शेवटचा रक्षक माइक कॅट आडवा आला. लोमूनें त्यास वळसा घातला नाहीं, तो त्याच्या अंगावरूनच पलीकडे गेला व त्यानें चेंडू रेषेपार टेकविला. त्या एका सामन्यांत त्यानें चार ट्राय केले व न्यूझीलंड ४५ विरुद्ध २९ गुणांनीं जिंकलें.

अंतिम सामना २४ जून रोजीं जोहान्सबर्ग येथें यजमान दक्षिण आफ्रिकेशीं झाला. वर्णभेदाचें राज्य संपून त्या देशास एकच वर्ष झालें होतें, आणि राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला आपल्या संघाचा हिरवा सदरा घालून क्रीडांगणावर आले होते. दक्षिण आफ्रिकेच्या गड्यांनीं एक गोष्ट पक्की ठरविली होती: लोमूस एकट्यानें अडवावयाचें नाहीं. एकानें पाय धरावे, तोंच दुसऱ्यानें व तिसऱ्यानें यावें. ही युक्ति लागू पडली. लोमूस एकहि ट्राय करतां आला नाहीं, आणि ज्यादा वेळ खेळून दक्षिण आफ्रिकेनें १५ विरुद्ध १२ गुणांनीं चषक जिंकला. पुढेंहि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी सामन्यांत त्यानें कधींच ट्राय केला नाहीं. अनेक सामान्य माणसें एकदिलानें उभीं राहिलीं म्हणजे असामान्य बळहि अडतें.

या विश्वचषकानंतर दोनच महिन्यांनीं, ऑगस्ट १९९५ मध्यें, रग्बी युनियनच्या चालकांनीं खेळाडूंस वेतन घेण्याची मोकळीक दिली. शंभर वर्षें हौशी म्हणून जपलेला खेळ पोटापाण्याचा धंदा झाला. जगभर ज्याला पाहण्यास लोक पैसे मोजतील असा पहिला रग्बी खेळाडू म्हणजे लोमू. वीस वर्षांच्या तरुणास कीर्ति मिळाली, द्रव्य मिळालें. आतां यास काय कमी, असेंच सर्वांस वाटलें असेल.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वैद्यांनीं त्यास सांगितलें कीं, त्याचीं मूत्रपिंडें बिघडलीं आहेत.

मूत्रपिंडें हीं आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या टोकाजवळ असतात. आकार मुठीएवढा, घाट घेवड्याच्या दाण्यासारखा. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. शरीरांतील रक्त त्यांतून पुनःपुन्हां वाहतें, व चोवीस तासांत सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील उपयुक्त भाग शरीर परत घेतें आणि निरुपयोगी द्रव्यें मिसळलेलें सुमारें दीड लिटर पाणी मूत्ररूपानें बाहेर टाकतें. लोमूस जो विकार झाला त्यास 'नेफ्रॉटिक सिंड्रोम' म्हणतात. त्यांत या गाळण्यांचीं छिद्रें जणूं मोठीं होतात, व रक्तांत राहावयाचीं प्रथिनें लघवीवाटे वाहून जातात. रक्तांतील प्रथिनें कमी झालीं कीं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतें. पाय व डोळ्यांभोंवतालचा भाग सुजतो आणि मनुष्य थकूं लागतो.

येथें पालकांस एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. हा विकार मोठ्यांपेक्षां लहान मुलांत अधिक आढळतो. सकाळीं उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसणें, पायांवर सूज येणें, लघवीस फार फेंस येणें, हीं त्याचीं चिन्हें होत. अशा वेळीं दृष्ट काढीत बसूं नये, व मूल आळशी झालें म्हणून त्यास बोलूंहि नये; डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करवावी. मुलांतील बहुतेक रोगी योग्य औषधानें सुधारतात. लोमूचा रोग मात्र पूर्णपणें आटोक्यांत आला नाहीं.

आतां वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, लोमूच्या पराक्रमाचा पुष्कळसा भाग यापुढचा आहे. १९९७ सालीं उपचारांसाठीं त्यास बरेच महिने खेळ सोडावा लागला. तरी १९९८ सालीं क्वालालंपूर येथील राष्ट्रकुल सामन्यांत, सात सात गड्यांच्या रग्बींत, सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत तो होता. १९९९ च्या विश्वचषकांत त्यानें आठ ट्राय केले. १९९५ चे सात धरून दोन विश्वचषकांत मिळून हे १५ झाले. पुरुषांच्या विश्वचषकांतील हा विक्रम दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानानें २०१५ सालीं गांठला. २००० सालीं सिडनी येथें सुमारें १,१०,००० प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या क्षणीं विजयाचा ट्राय केला तोहि लोमूनेंच. विश्वचषक मात्र त्याच्या हातीं कधींच आला नाहीं. १९९४ पासून २००२ पर्यंत तो ६३ कसोटी सामने खेळला व त्यांत त्यानें ३७ ट्राय केले. प्रेक्षकांस त्याचा वेग दिसे. त्या वेगाखालीं झिजत चाललेलीं मूत्रपिंडें कोणास दिसत नसत.

२००३ सालीं त्यांचें काम जवळजवळ थांबलें. आठवड्यांतून तीन वेळां त्यास 'डायलिसिस' घ्यावें लागूं लागलें. या उपचारांत रोग्याचें रक्त नळीवाटे यंत्रांत नेऊन, गाळून, परत शरीरांत सोडतात; एकेका वेळेस कित्येक तास जातात. यंत्र जीव वांचवितें, परंतु जें काम मूत्रपिंड रात्रंदिवस करीतच असतें तें यंत्रास पुरतेपणीं साधत नाहीं. लोमूच्या पायांच्या मज्जातंतूंस इजा पोंचली. ज्याच्या पायांचा आवाज ऐकून प्रतिपक्षाचे गडी दचकत त्यास चालणें कठीण झालें, आणि लवकर उपाय न झाल्यास चाकांच्या खुर्चीवर बसावें लागेल अशी सूचना डॉक्टरांनीं दिली.

उपाय एकच होता: दुसऱ्या मनुष्याचें मूत्रपिंड. अशी शस्त्रक्रिया प्रथम १९५४ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन येथें दोन जुळ्या भावांत यशस्वी झाली. आपल्या देशांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९७१ सालीं ती यशस्वी झाली. निरोगी मनुष्य एका मूत्रपिंडावर जगूं शकतो, म्हणूनच हें दान जिवंतपणीं करतां येतें. पण तें करणारास सुद्धां भूल घेऊन शस्त्राखालीं जावें लागतें, व पुढें जन्मभर एकाच मूत्रपिंडावर राहावें लागतें. हें धाडस लोमूसाठीं ग्रँट केरेमा या वेलिंग्टनच्या रेडिओ-निवेदकानें केलें. २८ जुलै २००४ रोजीं त्याचें एक मूत्रपिंड लोमूच्या शरीरांत बसविण्यांत आलें. केरेमा हा ना त्याचा भाऊ, ना चुलता, केवळ स्नेही. आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली आहे, आणि जवळच्या नात्याबाहेरील मनुष्यास असें दान करावयाचें असल्यास अधिकृत समितीची परवानगी घ्यावी लागते. ती अट योग्यच आहे. कारण ज्या वस्तूचें मोल होऊं शकत नाहीं ती बाजारांत येऊं नये.

दुसऱ्याचें मूत्रपिंड पोटांत घेऊन लोमू पुन्हां मैदानावर उतरला. जून २००५ मध्यें लंडनजवळील ट्विकनहॅम येथील एका सामन्यांत त्यानें ट्राय केला, परंतु त्याच वेळीं खांदा दुखावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वेल्समधील कार्डिफच्या संघाकडून खेळूं लागला, व पुढें घोट्याचें हाड मोडलें. २००६ सालीं मायदेशीं परतून त्यानें प्रांतिक सामने खेळून पाहिले. राष्ट्रीय संघांत परत जावें ही त्याची उत्कट इच्छा होती; ती सफळ झाली नाहीं. पूर्वींचा वेग परत आला नव्हता, आणि प्रत्यारोपणानंतर जीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात तीं देहाची प्रतिकारशक्ति मुद्दाम कमी ठेवतात. निव्वळ गुणफलकावरून पाहिलें तर हें पुनरागमन अयशस्वी म्हणावें लागेल. पण ज्यास चालतां येण्याची शाश्वती नव्हती तो धांवला. त्याचा संसार झाला, दोन पुत्र झाले. व त्यांस तो आपल्या हातांनीं खेळवूं शकला. केरेमाच्या दानाचें मोल ट्रायच्या संख्येंत कसें मोजावें?

प्रत्यारोपित मूत्रपिंड सात वर्षें चाललें. २०११ सालीं, त्याच्या देशांत विश्वचषकाचे सामने चालू असतांनाच, शरीरानें तें नाकारलें, व लोमू पुन्हां यंत्राच्या आधारावर जगूं लागला. तरीहि तो हिंडत फिरत होता. २०१५ च्या विश्वचषकासाठीं तो कुटुंबासह इंग्लंडांत गेला, व तेथून परतल्यावर १८ नोव्हेंबर २०१५ रोजीं ऑकलंड येथें एकाएकीं मरण पावला. त्या महिन्याच्या अखेरीस तेथील ईडन पार्क या क्रीडांगणावर, हजारों लोकांच्या समक्ष, त्यास शेवटचा निरोप देण्यांत आला.

लोमूचें अंग त्यास जन्मतः मिळालें होतें हें खरें. परंतु आईनें त्यास वाईट संगतींतून उचललें नसतें तर? गुरुजींनीं त्याच्या मुठींस वाट दाखविली नसती तर? पराजयानंतर पुन्हां संधि मिळाली नसती तर? आणि मित्रानें आपल्या देहाचा एक भाग काढून दिला नसता तर? मुलांनो, तुमच्यापैकीं जे धांवण्यांत किंवा कुस्तींत पुढें आहेत त्यांनीं आपल्या बळाचा आनंद अवश्य मानावा, पण त्यामागें कोणाकोणाचे हात आहेत हें एकदां मोजून पाहावें. जे अंगानें दुबळे आहेत त्यांनीं केरेमाची आठवण ठेवावी. त्यानें त्या थोर खेळाडूस जें दिलें तें देण्यास दांडगें अंग लागत नाहीं. मोठें मन लागतें.